दोन जणांची गाडी

मामाची लाल गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा आईनं तिला ओवाळलं, मामीनं नारळ फोडला आणि आप्पांनी किल्ली माझ्या धाकट्या भावाच्या, संतूच्या हातात ठेवली. चाकांवर पाणी घालायचं काम माझ्याकडं होतं. मी तांब्या घेऊन चारही चाकांवर नीट पाणी घातलं. मागच्या उजव्या चाकावरची टोपी चेपलेली होती. ती मीच चेपलेली, आमखास मैदानाच्या कडेच्या दगडावर, गाडी मागं घेताना. त्या गाडीचं अंग न् अंग मला ठाऊक होतं. डावं दार उचलून लावावं लागतं, वायपर एकदा मधेच थांबतो आणि मग आपला आपण चालू होतो, थंडीत चोक ओढला तरी ती लगेच उठत नाही. संतूला तेव्हा तिचा मागचा गिअर कुठं पडतो तेसुद्धा माहीत नव्हतं. त्यानं किल्ली बोटात फिरवली, ती खाली पडली, सगळे कौतुकानं हसले, आणि मी रिकामा तांब्या घेऊन आत गेले.

मामाचं गुलमंडीवर कापडाचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं जायची ती पाहुणी म्हणून नव्हे, कामाला. थानं मोजायची, कुठल्या फळीवर काय आहे त्याच्या चिठ्ठ्या लावायच्या, संपत आलेल्या मालाची यादी करायची. हे मला कुणी शिकवलं नाही. लिहून ठेवलं नाही तर मला झोप येत नसे आणि अजूनही येत नाही. मामाच्या मुलींना दुकानाचा कंटाळा आणि गाडीत बसलं की मळमळ, त्यामुळं भल्या सकाळी गाडी धुवायला मामाबरोबर मीच उतरायची. एक दिवस तो म्हणाला, बस पलीकडं, बघ जमतं का. दुकान उघडायच्या आधी मैदानात माणसं फिरायला येत, त्यांच्या कडेकडेनं आम्ही गाडी फिरवायचो. मामा शिकवताना ओरडत नसे. डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, गाडी कानानं चालवायची, पाय आपोआप येतात मागं. परतताना गरम इमरती घ्यायचो, आणि पाकाची बोटं स्टिअरिंगला लागू नयेत म्हणून मी ती मनगटानं धरायची. माझ्या तरुणपणातल्या चांगल्या गोष्टी मोजायला बसले तर त्या सकाळी यादीत सगळ्यात वर येतील.

मग मामानं नवी गाडी घेतली आणि जुनी बहिणीच्या घरी दिली. शिकवली भाचीला आणि दिली भाच्याला. यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही, मामालाही नाही. मी एकदा लायसनचं काढलं तर आप्पा म्हणाले, पुढं बघू. संतूचं लायसन मात्र त्या पंधरवड्यातच आलं.

आम्ही बजाजनगरात राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा आणि ओट्याला दोन पायऱ्या. आप्पा वाळूजच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. लोखंडाचे भाग लाल करून तेलात बुडवायचे, ते खातं. पहाटे आईच्या भाकरीची थापथाप, पाठोपाठ कोपऱ्यावर पाळीच्या बसचा हॉर्न, मग दूरच्या कुठल्यातरी प्रेसचा धप्प धप्प आवाज, जो बंद पडला की सुट्टी आहे हे कळायचं. नळाला रोज पाणी नसे. ज्या दिवशी येई त्या दिवशी ड्रम, हंडे, बादल्या भरून ठेवायचं काम माझं. कपाटाच्या दाराला आतून मी कागद चिकटवलेला असे: गॅस कधी लावला, आप्पांची पाळी कुठली, ज्वारी किती उरली. मी भरलेल्या पाण्यातलं दोन बादल्या पाणी संतू दर वेळी गाडीवर ओतायचा. बाकी काही मी विसरेन, त्या दोन बादल्या नाही.

संतू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आयटीआय करून नुकता एका कंपनीत लागलेला. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायचा, आईला हसवायचा, आणि भाकरीचा फुगलेला पापुद्रा आई त्याच्या ताटात टाकायची तेव्हा त्यातला अर्धा काढून माझ्या ताटात ठेवायचा. मला तो अर्धा पापुद्रा नको असायचा. पहिल्यांदाच माझ्या ताटात पडलेला पूर्ण हवा असायचा. गाडी आल्यावर तर तो गल्लीचा राजाच झाला. पोरी नळावरून त्याच्याकडं बघायच्या, शेजारचे काका त्याला मायलेज विचारायचे. रविवारी आम्ही फिरायला निघालो की मी मागं, आईशेजारी. त्यानं गिअर उशिरा बदलला की गाडी गुरगुरायची आणि माझा डावा पाय आपोआप पुढच्या सीटखाली दाबला जायचा.

गाडी खाली करायचं खूळ त्यानं छावणीतल्या एका मित्राकडून आणलं. त्या मित्राची गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसायची, चाकं बॉडीच्या आत शिरलेली. संतू ती बघून आला आणि जेवताना ताटातली वाटी उपडी घालून आप्पांना दाखवत बसला की आपली अशी दिसते, आणि ती अशी दिसली पाहिजे. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण पोराला आनंद झालाय एवढं कळलं.

औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्याला जावेदभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. आमच्या खिडकीची जाळी तिथं बनायला टाकली होती, ती आणायला आईनं मला संतूबरोबर पाठवलं, म्हणून मी ते सगळं बघितलं. जावेदभाईंनी आधी त्याला सरळ सांगितलं की पुण्याला या गाडीच्या मापाच्या आखूड स्प्रिंगा मिळतात, त्यांना जुळणारे शॉकअपही मिळतात, ते आण, मी बसवून देतो. संतूला तेवढा दम नव्हता. आमच्या चुलतबहिणीचं, मंदाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि हौस स्वस्तात भागत असेल तर पुण्याला कोण जातो? मग त्यांनी पुढच्या स्प्रिंगा काढल्या आणि दोन्हींची खालची वेटोळी गॅस कटरनं उडवली. मागच्या तर काढल्याही नाहीत. जागच्या जागी ज्योत लावून लाल केल्या आणि गाडीच्याच वजनानं खाली बसवल्या. शिंगरू गुडघ्यांवर बसावं तशी गाडी हळूहळू बसत गेली. जळक्या रबराचा वास आला. संतूनं टाळी वाजवली.

जावेदभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “देख संतू, दिखने कू जहाज हो गई. मगर अब ये दो जनों की गाडी है. पाच-छे भर के नक्को ले जाना.”

संतू हो म्हणाला. तो सगळ्यांना हो म्हणायचा.

पुढं मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी केली, म्हणून त्या दिवशी काय झालं ते आता नीट सांगू शकते. स्प्रिंगच्या टोकाला वळण दिलेलं असतं, ते तिच्या वाटीत चपखल बसतं. टोकच कापलं की ती नुसती वाटीत उभी राहते, चाक अधांतरी लोंबकळलं की सैल होते आणि सरकते. शॉकअप जुन्या उंचीचे असतात. ते अर्धे दाबलेले राहतात आणि त्यांचं तेल गळायला लागतं. आणि पोलाद नुसतं लाल करून सोडून दिलं की त्याचं पाणी उतरतं, ते वजन पेलायचं विसरतं. खाली केलेली गाडी मुळात वाईट नसते. मापाच्या वस्तू घालून, चाकं परत सरळ करून घेतली तर ती रस्ता उलट जास्त धरते. त्यासाठी वस्तू आणाव्या लागतात. कटरनं ते होत नाही.

तेव्हा मला यातलं निम्मंच कळत होतं. पण गाडी सुंदर दिसत होती, खोटं कशाला लिहू. संध्याकाळच्या उन्हात ती आमच्या गल्लीत वळली आणि ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. मी मागच्या सीटवर खिडकीची जाळी मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटलं, हिला मी शिकले, माझ्या हाताखाली ही कधी अशी दिसली नाही. संतूनं कापलेली दोन वेटोळी आईला आणून दिली. तिनं त्यातलं एक लगेच माठाखाली ठेवून बघितलं. माठ डुगडुगायचा थांबला. दुसरं दारात पडून राहिलं आणि कधीतरी भंगारात गेलं. मग आईनं पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. गाडी इतकी खाली की लिंबू रस्त्याला घासत गेलं आणि कोपऱ्यापर्यंतही टिकलं नाही. आईनं दुसरं आरशाला बांधलं.

त्या आठवड्यात आप्पा सकाळच्या पाळीवरून आले, पायरीवर बसून पाय धुवायला लागले, तेव्हा मी पाणी ओतता ओतता विषय काढला. मागच्या स्प्रिंगा तापवून बसवल्यात, तुमच्या भट्टीवर असलं चालतं का, असं विचारलं.

“नाय चालत,” आप्पा म्हणाले.

“मग सांगा की त्याला.”

“सांगतो. हौस हाय पोराची. लग्न होऊन जाऊ दे मंदाचं.”

आतून आईचा आवाज आला. ती भाजी चिरत होती, आणि चिरता चिरताच म्हणाली, “तुला त्याचं काई बघवतच नाय, रेखा.”

तिथं माझं बोलणं संपलं. त्यानंतर मी गाडीबद्दल जे काही बोलले ते जळफळाट म्हणूनच धरलं गेलं. पुढचं चाक वरच्या पत्र्याच्या कमानीला घासतंय म्हटलं तरी, टायर आतल्या बाजूनंच झिजतंय म्हटलं तरी. आणि आई चुकीचं बोलली असंही नाही. मला बघवत नव्हतं. पण बघवत नाही म्हणून माणूस जास्त बारकाईनं बघतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्या गाडीकडं माझ्याइतकं कुणीच बघत नव्हतं.

मंदा म्हणजे चितेगावच्या काकांची मुलगी, माझ्याच वयाची, पण संतूसारखी मला अक्काच म्हणायची. गुलमंडीवर ती एकदा माझ्याबरोबर राहायला आली होती, तेव्हा मी तिला मैदानात एक फेरी मारून आणली होती. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरलं. नवरदेव बिडकीनच्या पुढच्या एका खेड्यातला. लग्नाच्या सगळ्या याद्या माझ्याकडं होत्या: आहेराची, रुखवताची, पंगतीला वाढणाऱ्यांची, आणि पाठवणीच्या वेळी कोण कशात बसणार त्याची. काकांच्या ओळखीच्या एकाची जीप होती, मी नवरीसाठी तीच लिहिली होती. काकांनी यादी वाचली आणि हसत हसत जीप खोडून वर संतूचं नाव लिहिलं. घरची गाडी असताना लोकाची कशाला? काकूच्या मागं उभी असलेली आई माझ्याकडं बघत होती. मी पेनाला टोपण लावून ठेवलं.

मंदाबरोबर पाठराखीण म्हणून मीच जाणार होते. दुपारी जेवणं उरकली. बुंदी, वांग्याची भाजी, वरणभात, पुऱ्यांच्या टोपल्या संपत आलेल्या. मांडवात रडारड चालू असताना संतू गाडी घेऊन आला. बॉनेटवर झेंडूच्या माळा, अंगात पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. रडणाऱ्या बायका रडायच्या थांबून बघायला लागल्या. आईचा चेहरा तर मी कधी विसरणार नाही. शाळेत माझा पहिला नंबर आला होता तेव्हाही तिनं माझ्याकडं तसं बघितलं नव्हतं. मंदा माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, “मला वाटलं तू चालवशील अक्का.” मी तिला म्हटलं, बस गुपचूप.

गाडीत नवरा-नवरी, नवरदेवाची बहीण करवली म्हणून, आणि मी, असे चौघं मागं. पुढं संतूशेजारी कुणी बसणार नव्हतं, पण नवरदेवाच्या आत्यांचे गुडघे दुखत होते, त्या शिदोरीची दुरडी मांडीवर घेऊन बसल्या. डिकीत हंडा, कळशी, परात आणि लाडवांचे डबे. मी उतरते, टेम्पोत बसते, असं म्हणून बघितलं. पाठराखीण नवरीला सोडत नसते म्हणून मला परत आत बसवलं. आमच्याकडं गाडी रिकामी नेणं कुणाला सुचतच नाही. जागा दिसली की तिथं एखादं माणूस आठवतं. मागून टेम्पोत आप्पा, काका आणि बाकीचे होते.

पैठण रस्त्यावर तेव्हा दर गावाला लोकांनी आपापले गतिरोधक घातलेले असायचे, कुणाचं कोंबडं मेलं म्हणून, कुणाचं पोर वाचलं म्हणून. मुरूम आणि दगड टाकून केलेले, बैलाच्या वशिंडाएवढे. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट असं घासलं की आत्यांची दुरडी उडाली. संतू मागं वळून म्हणाला, जरा उतरा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आम्ही उतरलो. मंदाही उतरायला लागली तशी आत्यांनी तिला दंडाला धरून बसवली. त्यांच्या घराण्यात माहेरून निघालेली नवरी सासरच्या वेशीपर्यंत जमिनीला पाय टेकवत नसे. नवरदेवाच्या शेल्याची गाठ तिच्या शालूला, म्हणून तोही आतच. मग दर गतिरोधकाला तेच: आत्या, करवली आणि मी उतरायचो, दुरडी उतरायची, गाडी तिरकी तिरकी करून पलीकडं जायची, आम्ही चालत जाऊन परत बसायचो. टेम्पोतून काका ओरडले, “संतू, गाडी आणली का पालखी रं?” टेम्पोभर हसू उठलं. संतूही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मला बरं वाटलं. दुसऱ्याच क्षणी मागचं चाक कमानीला घासल्याचा आवाज आला आणि बरं वाटायचं थांबलं.

बिडकीन मागं पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका कमरेला कापडाच्या ओट्या बांधून उभ्या राहून आमच्याकडं बघत होत्या. समोरून कांद्याचा ट्रक आला. संतूनं गाडी डावीकडं घेतली, डांबराची कड संपली आणि पुढचं डावं चाक खाली लोंबलं. एका क्षणापुरतं अधांतरी. आतमध्ये ठण्णकन आवाज झाला. मी तो ऐकला आणि मला कळलं, स्प्रिंग वाटीतून सुटली. चाक परत टेकलं तेव्हा गाडी त्या बाजूला पडली, स्टिअरिंग अडकलं, आणि आम्ही सरळ मुरमाच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबलो. मंदाचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं, बाशिंग तुटलं. करवली किंचाळली. आत्यांची दुरडी फुटून करंज्या काचेपर्यंत उडाल्या. ट्रक निघून गेला. तो थोडा अलीकडं असता तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं.

मंदाच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, रक्त नव्हतं. बाकी सगळे धड होते. संतू उतरला, चाकाकडं बघितलं, गॉगल काढून खिशात घातला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. आत्या म्हणाल्या, नजर लागली गाडीला. कुणीतरी माझ्याकडं बघितलं, कोण ते मी बघितलं नाही.

टेम्पो येऊन थांबला. आप्पा उतरले, गाडीखाली वाकून बघितलं. बाकीचे एकमेकांना काय झालं ते सांगत होते. मला अशा वेळी डोक्यात यादी दिसते, ती मी मोठ्यानं म्हणायला लागले. डिकी रिकामी करा, हंडा-कळशी टेम्पोत टाका. करवली आणि आत्या टेम्पोत. टेम्पोचा जॅक काढा. लोक माझं ऐकायला लागले, कारण दुसरं कुणी काही सांगत नव्हतं. जॅकनं गाडी वर उचलली, आप्पांनी पहार घालून स्प्रिंग फिरवत फिरवत तिचं टोक वाटीच्या कडेला टेकवलं आणि हळूच जॅक उतरवला. बसली. आप्पा हात पुसत म्हणाले की रिकामी आणि पायी चालल्यासारखी नेली तर जाईल वेशीपर्यंत. पण चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसला पाहिजे.

सगळ्यांनी संतूकडं बघितलं. तो उठला नाही. “मी नाय,” तो म्हणाला. “अक्काला द्या. तिला येती ती गाडी.”

ही गोष्ट इतक्या वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं, आणि म्हणाला तो तोच. त्याचाही मला हेवा वाटला.

आत्यांचा नियम तसाच होता, नवरीला उतरवायचं नाही. नवरदेव शेल्याच्या गाठीनं बांधलेला. पण वजन कमी पाहिजे होतं. मी नवरदेवाला म्हटलं, पाहुणे, गाठ सोडू नका, शेलाच अंगावरून काढा. तो समजूतदार निघाला. त्यानं शेला खांद्यावरून उतरवला, गाठीसकट मंदाच्या मांडीवर ठेवला आणि चालायला लागला. आत्या काहीतरी बोलायला गेल्या, पण त्यांच्या नियमात बसत होतं. मी सीट पुढं ओढून बसले. मागं मंदा. दोन जणांची गाडी.

मी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी निघाली. संतू पुढं चालत होता, रस्त्यातले दगड पायानं बाजूला सारत आणि हातानं उजवीकडं-डावीकडं खुणा करत. त्याच्या शेजारी बाशिंगवाला नवरदेव. मला त्याच्या खुणांची गरज नव्हती. मी ऐकत होते. चाक कमानीला लागायच्या आधी एक बारीक कुरकुर येत होती, ती आली की मी वेग आणखी कमी करायची. खिडकीतून ज्वारीचा थंड वास येत होता, बॉनेटवरचे झेंडू तापून दरवळत होते. मंदा मागून रडत होती, मग तीच हसायला लागली आणि म्हणाली, अक्का, आमखासला फेरी मारायची का. मी म्हटलं, चल. ऊन कलत गेलं. मागं टेम्पो, पुढं दोन पाठमोरी माणसं, मधे मी. गाव आणखी लांब असतं तर चाललं असतं.

वेशीवर दिवेलागणीच्या सुमारास पोचलो. बायका भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मंदावरून तुकडा ओवाळून टाकला, मग कुणीतरी टेम्पोतून उडी मारून सगळी हकिगत सांगितली. ती हकिगत गर्दीतून पुढं जाता जाता लहान होत गेली आणि शेवटी एवढीच उरली, की भाऊ गाडीपुढं पायी चालत बहिणीला घेऊन आला. नवरदेवाच्या वडिलांनी संतूला टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं. संतू माझ्याकडं बोट करून काही सांगत होता, पण वाजंत्री सुरू झाली होती. मी उजव्या बाजूनं उतरले; तिकडं भिंत होती, तिच्यात आणि गाडीत जेमतेम अंगापुरती जागा. मंदाची पिशवी उचलली आणि पाठराखणीनं चालायचं असतं तशी तिच्या मागून चालायला लागले.

मंदाकडचं राहणं आटोपून मी घरी आले तेव्हा गाडी दारात होती, पुढचं डावं चाक आत कललेलं. मामी आलेल्या होत्या. त्या आईला सांगत होत्या की बाहेरची नजर उतरते, घरातली लवकर उतरत नाही. मी पाय धुवायला मोरीत गेले आणि परत आले तेव्हा आई ओट्यावर वाकली होती. जिथं मी चपला काढल्या होत्या तिथली चिमूटभर माती तिनं उचलली, मीठ-मोहरी आणि लाल मिरच्यांच्या मुठीत घेतली आणि संतूवरून, मग गाडीवरून ती मूठ उतरवली. मी दारात उभी होते. तिनं मला बघितलं, मूठ थांबवली नाही.

दृष्टीची परीक्षा आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. मिरच्या विस्तवात टाकल्यावर ठसका आला नाही तर दृष्ट लागलेली होती आणि ती जळाली. आईनं मूठ शेगडीत टाकली. क्षणभर काही झालं नाही. मग जो ठसका उठला त्यानं मामी पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या, संतू खोकत खोकत ओट्यावर बसला, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. आई डोळे पुसत शेगडीकडं बघत राहिली. मी तिथंच उभी राहून खोकत होते, पण हलले नाही.

आप्पा पायरीवर होते. त्यांनी घसा मोकळा केला आणि म्हणाले, “नजर नाय लागलेली. स्प्रिंग कापलेली हाय.” मग थोड्या वेळानं, कुणाकडंच न बघता, “रेखानं क्लच एकदा बी घासू दिला नाय. मी मागूनच बघत होतो.”

एवढंच. ते वाक्य माझ्याकडं आहे. रात्री वाढताना आईनं भाकरीचा पापुद्रा काढला, हातात धरला, आणि नेहमीच्याच ताटात टाकला. संतूनं तो पूर्ण उचलून माझ्या ताटात ठेवला. मी खाल्ला.

पुढच्या महिन्यात आप्पा स्वतः पुण्याला जाऊन मापाच्या स्प्रिंगा आणि शॉकअप घेऊन आले, जावेदभाईंनी ते बसवले, आणि गाडी पहिल्याच्या उंचीपेक्षा अगदी थोडी खाली राहिली. छान चालायची. किल्ली संतूच्याच खिळ्याला होती. मला लायसन मिळालं ते माझ्या लग्नानंतर, स्वतःच्या पगारातून. आज माझी गाडी दारात उभी असते, तिची सर्व्हिसिंग मी एकदाही चुकवलेली नाही, आणि तरी रस्त्यात जुनी लाल लहान गाडी दिसली की आधी मी चालवणारा कोण आहे ते बघते. बाई असली तर जास्त वेळ बघते.

आई गेल्यावर घर आवरायला आम्ही दोघं बसलो. यादी अर्थातच मी केली. लाल गाडी कधीच भंगारात गेली होती. संतू म्हणाला, अक्का, तुला पाहिजे ते घे, मी काही म्हणत नाही. तो आजही तसाच आहे. मी माठ उचलून बाजूला ठेवला आणि खालचं वेटोळं काढलं. ते आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. पाण्यानं गंजलंय, फरशीवर तांबडा गोल डाग पडतो, तो मी दर रविवारी घासते. मुलगी म्हणते, टाकून दे आई, चांगलं स्टँड मिळतं. त्या गाडीतलं माझ्या वाट्याला एवढंच आलं, आणि ते मी कुणाला देणार नाही.